भेगेतली कणीक

मित्रांनो, ज्या लाकडी भांड्यात पीठ मळतात त्याला काठवट म्हणतात. तशीच मी एक जुनी काठवट आहे. माझ्यात सध्या कोणी पीठ मळत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही आता फार बोलण्याची हौस उरलेली नाही. पण एक गोष्ट इतकी वर्षे पोटात राहिली आहे. ती सांगितल्याशिवाय मला बरे वाटणार नाही.

माझा जन्म तेल्हाऱ्याचा. सातपुड्यातून आलेल्या शिवणीच्या खोडातून एका सुताराने मला कोरले. पुंजाजी नावाच्या शेतमजुराने आपल्या मुलीच्या, इंदूच्या, लग्नासाठी मला करवून घेतले होते. बावन्न साली मी तिच्याबरोबर तिच्या सासरी, अकोल्याजवळच्या एका खेड्यात आले. तिची सासू पंचफुलाबाई हिने मला पालथे घालून पाहिले, बोटाने वाजवून पाहिले आणि लाकूड चांगले असल्याचे सांगितले. एवढेच माझे पहिले कौतुक.

त्या घरात ज्वारीच खात. सहा वर्षे माझ्यात ज्वारीशिवाय दुसरे पीठ पडले नाही. गव्हाची पोळी त्यांना माहीत होती, पण ती दुसऱ्यांच्या लग्नातली, पंगती उठल्यावर लांबूनच पदरात टाकलेली. इंदूबाईचा नवरा देवमन तीच थंड पोळी खाऊन मोठा झाला होता आणि ते तो विसरला नव्हता. छप्पन्न साली हे सगळे घर नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले. दोन वर्षांनी देवमनला अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत शिपायाची नोकरी लागली. राजापेठेत दोन खोल्या मिळाल्या, आणि पहिल्याच महिन्यात त्याने गव्हाचे पोते पाठीवर घेऊन आणले. यापुढे या घरात रोज पोळी होईल, असे त्याने सांगितले. त्या दिवशी सगळे जण फार आनंदात होते. कणीक किती चिवट असते हे मलाही तेव्हाच कळले. ज्वारीचे पीठ पाण्याबरोबर निघून जाते, कणीक लाकडाला धरून बसते.

पुढच्या वर्षी इंदूबाईला खाज सुटू लागली. कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कमरेवर पाणी भरलेले बारीक फोड यायचे, आणि ते फुटेपर्यंत खाजवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. हात पिठात असले की ती आपले कोपर माझ्या काठावर घासायची. कडुनिंबाच्या पाल्याने आंघोळी झाल्या, करंजाचे तेल झाले, गंधकाचे मलम झाले. त्या मलमाच्या वासाने शेजारीपाजारीही कंटाळले. एका वैद्याने सांगितले की अंगात ताकद उरलेली नाही, हिला चांगलेचुंगले खायला घाला. पंचफुलाबाईचा सुनेवर जीव होता. ती रोज सकाळी तिच्यासाठी गव्हाचा शिरा करू लागली. खाज वाढतच गेली.

मग एका शेजारणीने ही खरूज असल्याचे सांगितले. ती एकाची दुसऱ्याला लागते, पिठात हात घालू देऊ नका, असा सल्लाही दिला. देवमनच्याही मनात ते बसले. एके सकाळी त्याने बायकोला काठवटीला हात लावू नको म्हणून सांगितले. पंचफुलाबाई चुलीपाशी बसली होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "हात लावू नोको, हे म्या जलमभर आयकलं, देवमन. माह्या घरात हे बोलणं नाई पायजे."

देवमन मान खाली घालून कचेरीत गेला आणि इंदूबाई मळत राहिली.

साठ साली पहिल्या बाळंतपणाला ती तेल्हाऱ्याला गेली. आठ-नऊ महिने राहिली. शालूला घेऊन परतली तेव्हा तिचे अंग स्वच्छ झाले होते. बाळंतपणाने रक्त सुधारले, असे सगळे म्हणाले. पण अमरावतीला दोन महिने झाले नाहीत तोच पुन्हा फोड आले. त्यानंतर देवमनच्या डोक्यात एक विचार घर करून बसला. माहेरी ही बरी असते आणि सासरी खाजवत बसते, म्हणजे हिला सासरच नको आहे. मित्रांनो, हे सुचायला किती सोपे आहे पाहा. पासष्ट साली त्याने तो विचार तोंडाने बोलून दाखवला. "तुले माहं घर लागत नाई ना, त मंग राह्य बापाघरी." इंदूबाई इतकी दमली होती की तिने वादही घातला नाही. एका हाताने शालूचे बोट धरले, मला डोक्यावर घेतले आणि मोटारीच्या अड्ड्यावर गेली.

तेल्हाऱ्याला पुन्हा ज्वारी सुरू झाली. वर्षभरात फोड गेले, डाग तेवढे राहिले. पण त्या बरे होण्याचे तिला सुख नव्हते. जितकी ती बरी होत होती, तितका नवऱ्याचा संशय खरा ठरत होता. गावातली एखादी बाई तुझे अंग आता बरे दिसते म्हणाली, की ती कोपरांवर पदर ओढून घ्यायची.

दोन वर्षांनी देवमन मुलीला भेटायला आला. जावयाच्या ताटात भाकरी वाढायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. म्हाताऱ्या पुंजाजींनी बाजारातून गहू आणले. चार दिवस माझ्यात कणीक मळली गेली, आणि एवढी पोळी झालीच आहे तर तूही खा, असे म्हणत इंदूबाईच्याही ताटात ती पडली. पाचव्या दिवशी सकाळी तिची दोन्ही कोपरे फोडांनी भरली होती.

देवमन तिच्या कोपरांकडे पाहतच राहिला. इंदूबाई त्याच्यासमोर नीट बसली आणि तिने विचारले, "आता सांगा, इथं हे काहून आलं? मी त माह्या बापाच्या घरी आहो."

पुंजाजींनी हातातली विडी विझवली. मग ते म्हणाले, "जवाईबापू, या घरात दोनच गोष्टी नव्या आल्या. एक तुमी, अन् एक गहू. तुमच्यानं फोड आले असं काई मी म्हणत नाई."

हसावे की रडावे हेच कोणाला कळेना. इंदूबाईला, शालूला आणि मला घेऊन अमरावतीला आल्यावर देवमनने एका डॉक्टरांना हे सगळे सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. काही थोड्या माणसांना गहू सोसत नाही आणि तो असा अंगावर उठतो, असे त्यांनी अलीकडेच वाचले होते. खात्री देता येत नाही, पण पोळी, रवा, मैदा सगळे बंद करून पाहा, म्हणाले. गुण आला तरी दुखणे मुळातून जाणार नाही, जन्मभर सांभाळावे लागेल, असेही त्यांनी सांगितले.

इंदूबाईने गहू सोडला. आता माझ्यात आधी घरच्यांची कणीक मळली जाई आणि मग मला धुऊन तिच्या एकटीच्या भाकरीचे पीठ. खाज कमी झाली, पण थांबली नाही. सहा महिने गेले, वर्ष गेले. कारण फक्त मला ठाऊक होते. अमरावतीच्या उन्हाळ्यात माझ्या तळाला भेग पडली होती. रोजची कणीक तिच्यात जाऊन बसत होती आणि थोडी थोडी सुटून इंदूबाईच्या भाकरीत जात होती. तिच्या बापाने हौसेने दिलेली मी, आणि मीच तिला छळत होते. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

देवमनचा जुना संशय पुन्हा जागा झाला. एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "गहू सोडून बी तेच हाये. मंग आता कायमचं तेल्हाऱ्यालेच राह्यचं काय तुले?" इंदूबाई उठली आणि सामान बांधायला लागली. बरोबर न्यायचे म्हणून आधी मला घासायला घेतले. तिच्या कोपरांवरचे फोड पाहून पंचफुलाबाईने मला आपल्याकडे ओढले आणि स्वतः घासायला बसली. भेग तिच्या बोटाला लागली. तिने सुई आणून भेग कोरली, तशी पिवळट, आंबूस कणीक बाहेर येऊ लागली. ती येतच राहिली. पंचफुलाबाईने ती सगळी तळहातावर घेतली आणि देवमनसमोर धरली. "पाह्य. हे रोज खाऊ घालून राहिलो आपण तिले."

देवमनने गव्हाचे उरलेले पोते उचलले आणि शेजारी देऊन आला. परत येऊन ताटावर बसला. "मले बी भाकरच दे," तो म्हणाला. पोळी म्हणजे त्याच्यासाठी काय होती हे तुम्हाला आता माहीत आहे. तेवढे शब्द त्याला फार जड गेले.

इंदूबाई गेली नाही. मला चुलीत घालावे असे पंचफुलाबाईचे मत पडले, पण बापाची वस्तू जाळायला इंदूबाई तयार झाली नाही. पुन्हा पीठ मळायलाही तिने मला घेतले नाही. पितळेची परात आली आणि मी कोळसे ठेवायला गेले. फोड थांबायला आणखी वर्ष लागले. लग्नाकार्याला ती अजून डब्यात भाकरी बांधून नेते, आणि प्रत्येक घरी तिला सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. त्याचा तिला फार थकवा येतो. एका घासाने काय होते, असे बायका म्हणतात. मित्रांनो, तुम्ही तरी कोणाला असे म्हणू नका.

तुमच्या घरात कोणी सारखे खाजवत असेल, दमलेले असेल, तर ते ढोंग करते असे ठरवू नका. आपण त्याच्या ताटात काय वाढतो ते आधी बघा, आणि समजले तर लगेच सांगा. मी इतकी वर्षे रोज तिच्या हाताखाली होते, मला सारे समजत होते आणि मी मुकी राहिले. तुम्हाला तोंड आहे.