इस्तारीचं मेण

साहेब, पोचू इस्तारीच्या चुकीनं मेला नाही. तुम्ही कागदावर तसं लिहिलंत, ते खोटं आहे.

काल दुपारी मी इस्तारीच्या ओसरीवर बसलो होतो. तुमचा चपराशी केवळराम आला.

"इस्तारीभाऊ, साहेबानं मेण मांगतलं."

"काऊन? चौकशी तं झाली. मले घरी बसवलं. आता मेणाचं लोणचं घालते का तो?"

"मले का मालूम, बापा. देऊन टाक. मुखरू, तू तरी सांग ना त्याले."

"उद्या ये," इस्तारी म्हणाला.

मेण कसलं ते तुम्हाला माहीत आहे, लोकांना सांगतो. खाणीतलं पाणी उपसणाऱ्या डिझेल इंजिनाचे नवे पिस्टन माथ्याला सपाट आले. वाल्व उघडला की माथ्यावर आदळणार. म्हणून इस्तारीनं लेथवर प्रत्येक माथ्यात वाल्वपुरते खळगे कोरले. बावीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस, पण नुसत्या मापावर भरवसा ठेवणारा नव्हे. रानातून येणारी बुधरी बाजारात पोळ्यांचं मेण विकायला आणायची. ते तो खळग्यात थापायचा, वर हेड, म्हणजे वाल्व असलेलं झाकण, बसवायचा, चाक हातानं एक फेरा फिरवायचा आणि हेड पुन्हा उघडायचा. दबून उरलेला मेणाचा थर म्हणजे वाल्व आणि पिस्टनमधली जागा. थर तांदळाच्या दाण्याएवढा जाड असला तरच पिस्टन पास. प्रत्येक ठसा तो डब्यात घालून रांजणाखाली ओल्या वाळूत ठेवायचा. आमच्या चांद्याच्या उन्हात मेण टिकत नाही.

महिनाभर इंजिन नीट चाललं. मग जोर वाढवायचा म्हणून तुम्ही हेडचा तळ घासून आणवलात. हेड खाली बसलं, जागा गेली. त्या रविवारी इस्तारी गावी होता. नट मी आवळले. "मेण लावून पाहू का?" मी विचारलं होतं. "वेळ नाही," तुम्ही म्हणालात. मी तसाच पाना फिरवला. तेवढा गुन्हा माझा.

सोमवारी वाल्व आदळला, पिस्टन फुटला, पंप थांबला. पाणी चढलं तेव्हा पोचू खालच्या भुयारात होता.

तुम्ही लिहिलंत, खळगे उथळ कोरले.

केवळराम गेल्यावर पोचूची बायको सुकरी आली. शेजारीच राहते. उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"भाऊ, तुया हातानं झालं का? खरं सांग. मी रडणार नाई."

इस्तारीनं वाळूतून डबा काढला. फुटलेल्या पिस्टनचा ठसा तिच्या तळहातावर ठेवला, बाजूला तांदळाचा एक दाणा. तिनं दोन्ही चिमटीत धरून चाचपले. पुन्हा चाचपले. जन्मभर धान पाखडणारी बाई. दाण्याची जाडी तिला कोण शिकवणार?

"सारखंच हाये," ती म्हणाली. डबा तिनं पदराखाली घेतला. "तुया घरी नको ठेवू. तो पुन्हा माणूस पाठवन."

डबा आता तिच्या रांजणाखाली आहे. पाठवा केवळरामला तिथं. कागदावर माझंही नाव लिहा, नट आवळणारा मुखरू म्हणून. पण आधी सुकरीच्या दारात उभे राहा आणि तिला एवढंच सांगा: खळगे उथळ होते, तर ते मेण तुम्हाला कशाला पाहिजे?