वासरामागची गाय

अकरा जनावरं होती. आठ गायी, दोन वासरं, एक वळू. इंदिरानगरमधल्या आमच्या रस्त्याच्या दुभाजकावर सकाळी पावणेआठला पोळ्यांचे नऊ ढीग होते. कॉलनीतले लोक ऑफिसला जाता जाता स्कूटरवरूनच गायीचा घास तिथे ठेवतात. पुण्य लागतं आणि खाली उतरावंही लागत नाही. मग गुरं नेमकी त्याच वेळी भर रस्त्यात येऊन उभी राहतात.

आमच्याही गाडीत पोळ्या होत्या. कुसुमकाकूने डबा माझ्या मांडीवर ठेवून तिच्या मुलाला बजावलं होतं, "विहंग, आधी गायीला दे, मग मृणूला नाशिक रोडला सोड." विहंग गाडी चालवत होता. मी गुरं मोजत होते, वेगाच्या काट्याकडे पाहिलं नाही.

एक वासरू रस्ता ओलांडून डावीकडे गेलं. गुरांचे मालक बहिरूबाबा दोन्ही हात वर करून पुढे आले आणि ओरडले, "थांबा! माय येईल मागं!"

विहंगने ब्रेक लावला नाही, हॉर्न दाबला. वासरू गेल्यावर मोकळी झालेली फट त्याला पुरेशी वाटली. गाय हॉर्नने बिचकली आणि वासराकडे धावली. बाबांनी तिचं दावं मागे ओढलं. मग कुठे ब्रेक लागला. गाय वाचली. गाडीची धडक बाबांना बसली, त्यांचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. पोळ्या माझ्या पायाशी सांडल्या होत्या.

दुपारपर्यंत विहंगने पोलीस चौकीत तक्रारही देऊन टाकली: गुरं मोकाट सोडली, गाय अचानक आडवी आली. तक्रार टिकली तर गुरं कोंडवाड्यात आणि गुन्हा बाबांवर. गाडीत दुसरी साक्षीदार मी एकटीच. माझा जबाब दुसऱ्या दिवशी अकराला होता.

"तीसच्या वर काटा नव्हताच," विहंग जेवताना म्हणाला. "तेवढंच सांग, मृणू."

"तू हॉर्न का वाजवलास?"

"मग काय आरती ओवाळू? रस्ता गाड्यांसाठी असतो."

"ते हात वर करून उभे होते. दिसले नाहीत तुला?"

"ए, घरातली आहेस की सरकारी वकील?" काकूने भाजीचा डाव पातेल्यावर आपटला. "गुरं ज्याची, त्याने सांभाळावीत."

"तिथे बोलावतं कोण त्यांना? रोज? पावणेआठला?"

ताट सोडून मी सरकारी दवाखान्यात गेले.

बाबांच्या पायाला वजन टांगलं होतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुरं रस्त्यावर व्हती, ते मी नाय म्हणत नाय. पण वासरू पार झालं की माय थांबत नाय, पोरी. गाडीवाल्यानं थांबायचं असतं. म्हणून हात केला व्हता."

"तिला काय सांगता?" त्यांची बायको चंद्रभागाबाई माझ्यावर उसळल्या. "तिच्याच भावाची गाडी हाय ना! बघाया आली, मोडला का नीट!"

"मावशी, तुम्ही माझ्यासोबत रस्त्यावर चला," मी म्हटलं. "ब्रेकच्या खुणा मोजायच्यात, टेपचं एक टोक धरायला माणूस हवंय."

त्या आल्या. चाकं घासल्याच्या दोन काळ्या रेघा डांबरावर अजून स्पष्ट होत्या. चंद्रभागाबाई जिथे रेघा सुरू होत होत्या तिथे टेप दाबून बसल्या. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या, त्या हलल्या नाहीत. मी तीनदा मोजलं. रेघांच्या लांबीवरून वेग काढताना कोरड्या डांबराचा घर्षणांक, म्हणजे चाकांना मिळणारी पकड, ०.७ धरला, त्याहून जास्त धरला असता तर वेग आणखी वाढला असता.

सकाळी मी चपला घालत असताना काकूने मला अडवलं. "एकुलता एक आहे गं तो."

मी चौकीत गेले. हवालदारांनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "आणखी काही?"

मी सांगितलं ते त्यांनी शेवटच्या ओळीत लिहिलं: ब्रेकच्या खुणांची लांबी २८.४ मीटर, गाडीचा वेग किमान ताशी ७१ किलोमीटर.