ओठ पुढे, शब्द मागे

मी बोलतो आहे, पण बसून नव्हे. बसणे माझ्या नशिबी नाही. प्रक्षेपण केंद्रातील थंड खोलीत, लोखंडी मांडणीवर माझा चपटा देह आहे. मला मल्टिप्लेक्सर म्हणतात. अनेक वाहिन्यांची चित्रे आणि आवाज माझ्याकडे येतात, ते सारख्या मापाच्या इवल्या तुकड्यांत, आणि मी ते सारे एकाच धारेत ओवतो. प्रत्येक तुकड्याच्या माथी खूण असते. तिच्यावरून घरोघरचे टीव्ही आपापले तुकडे वेचून घेतात.

पाठवण्यासारखे काही नसले तरी ओघ तुटू देता येत नाही. मग मी रिकामे तुकडे ओवतो. त्यांना कोणी उघडत नाही, पण माझा जीव त्यांच्यावरच अधिक. अंगी काही नाही, फळाची आस नाही. धारा अखंड राहावी एवढ्यासाठी ते जातात.

माझे मन मात्र तसे शांत नाही. जप करणाऱ्याला मेरुमणी लागतो, तो क्षणभर थांबतो, माळ उलटी फिरवतो. माझ्या माळेला मेरुमणी नाही.

त्यात आणखी एक बोच. चित्र आणि आवाज माझ्यापर्यंत वेगळ्या वाटांनी येतात. घरी ते एकाच क्षणी प्रकट व्हावेत, म्हणून दोघांवरही वेळेची खूण असते. ती खूण मी शिरसावंद्य मानतो. ती खरी की खोटी, हे मला कळत नाही.

माझी देखभाल करणाऱ्या अभियंत्याने आवाजाच्या वाटेवरचे जुने यंत्र काढून नवे बसवले. त्यानंतर काही दिवसांनी, एका दुपारी तो आपल्या आईला बॅगेसह घेऊन आला. तिला ऐकू कमी येते. निम्मे ती कानांनी ऐकते, निम्मे समोरच्याच्या ओठांवरून वाचते. तिच्या घराची किल्ली त्याने माझ्या पाठीवर ठेवली. संध्याकाळी ती घरमालकाला परत द्यायची होती.

"थोडा वेळ बस, आई. मग घरी जाऊ."

"घरी म्हणजे तुझ्या."

"आपल्याच. टीव्ही एवढा मोठा लावतेस की खालचे लोक मला फोन करतात. तरी तुला बातम्या कळत नाहीत. उद्या गॅस चालू राहिला तर?"

"गॅस नाकाला कळतो रे. नाक शाबूत आहे माझं."

तो हसला नाही. ती समोरच्या पडद्याकडे वळली. खोलीत पडदे दोन: एकावर स्टुडिओतले जसेच्या तसे दिसते, दुसऱ्यावर माझ्या हातून गेलेले, घरोघरी पोहोचते ते. ती बसली होती पहिल्यासमोर. आवाज अगदी बारीक होता. एकाएकी ती खुदकन हसली.

"काय झालं?"

"ही बाई म्हणते, पाहुणे वेळेवर आले म्हणून सभेत गोंधळ उडाला."

मुलाचा हात जागीच थांबला. "तुला कळलं?"

"कळलं की. इथली बाई नीट बोलते. घरी दिसते ती आधी तोंड हलवते, मग बोलते. सांगितलं होतं तुला."

"हो."

"तू म्हणालास, आई, कान तपासून घे."

त्याने तिला दुसऱ्या पडद्यासमोर बसवले आणि त्याचा आवाज लावला. तिच्या चेहऱ्यावरचे हसू विझले. "हीच ती. घरची."

मग तो नव्या यंत्राची सेटिंग तपासू लागला. जुने यंत्र आवाज घाईने पुढे सोडी, म्हणून त्याच्या वेळेच्या खुणा मुद्दाम थोड्या उशिराच्या ठेवलेल्या होत्या. नवे यंत्र तसे नव्हते, पण उशिराची ती जुनी नोंद तशीच राहिली होती, म्हणून आवाज ओठांच्या मागे पडत होता. त्याने ती काढली. पडद्यावर निवेदिका बोलत राहिली, आणि हळूहळू आईचे ओठ तिच्याबरोबर हलू लागले.

मुलगा खाली मान घालून उभा होता. तिने हात पुढे केला.

"किल्ली दे."

माझ्या पाठीच्या उबेने तापलेली ती किल्ली त्याने तिच्या तळहातावर ठेवली. "आवाज तरी कमी ठेव."

"आता वाढवू कशाला?"

ती गेली, माझी तळमळ मात्र राहिली. त्या दिवसांत आणखी किती घरांत, कोणी कोणी स्वतःच्याच कानांना बोल लावला असेल? म्हणून हात नसताही हात जोडतो. ओठ आणि शब्द जुळत नाहीत असे घरातले वडीलधारे म्हणाले, तर त्यांच्या कानांआधी आमची वाट तपासा. निरोप घ्यायला सवड नाही. पुढचा तुकडा दाराशी उभा आहे.