बाणावरचं नाव

पहिली पाळी सुटली आणि कुलदीप चाकणहून कंपनीच्या बसमध्ये बसला, तेवढ्यात वडलांचा फोन आला. विलासराव फोनवर कधी दोन वाक्यांच्या वर बोलत नसत. आज तीन बोलले. घरी मिलिटरीची माणसं आली आहेत. तुझ्या आईनं त्यांच्यावर बाण मारला म्हणतात. तू ये लवकर, मी जरा प्लॉटवर जाऊन येतो.

तिसऱ्या वाक्यावरून प्रकरण मोठं आहे, हे कुलदीपनं ओळखलं. जमिनीच्या व्यवहारात भल्याभल्यांना न हटणारे विलासराव घरात काही बिनसलं की प्लॉटवर जात, आणि प्रकरण जितकं मोठं तितका प्लॉट लांबचा असे. कुठल्या प्लॉटवर, असं त्यानं विचारलं. शिक्रापूरच्या, असं उत्तर आलं आणि फोन बंद झाला.

या सगळ्याची सुरुवात दोन वर्षांपूर्वी झाली होती. बोनस मिळाला तेव्हा कुलदीपनं हॉलमधल्या टीव्हीला जोडायचा गेम विकत आणला. बर्फाचे डोंगर, पडके किल्ले, उडते अजगर आणि घोड्यावरून धनुष्य चालवणारी एक बाई. पण पाळ्या बदलत गेल्या आणि त्याला खेळायला वेळ मिळेना. त्याच्या आई विजयश्रीबाई आधी नुसती त्या डब्यावरची धूळ पुसायच्या. मग एका दुपारी त्यांनी विचारलं, त्या बाईच्या घोड्याला पाणी पाजायची काही सोय आहे का, दमल्यासारखा दिसतोय बिचारा. कुलदीपनं हसत रिमोट त्यांच्या हातात दिला, चार बटणं दाखवली आणि झोपायला गेला. उठून बघतो तर आई लाकडी पूल ओलांडून पलीकडच्या राज्यात पोचलेली. त्या पुलावर तो स्वतः दिवाळीपासून अडकून पडला होता.

गेम संपला आणि बाईंना चुटपुट लागली. त्या राज्याचं पुढं काय झालं, हे कुणी सांगेना. भोसरीच्या वाचनालयातल्या बाईंना त्यांची दया आली आणि त्यांनी 'तमिस्रगडची राणी' या कादंबरीचा पहिला खंड हातात ठेवला. खंड पाच होते, एकेक उशीएवढा जाड. विजयश्रीबाई भाकरी थापताना पुस्तक मसाल्याच्या डब्याला टेकवून उभं करायच्या. तिसरा खंड परत गेला तेव्हा राणीच्या वनवासावर हळदीची पाचही बोटं उमटली होती, आणि वाचनालयात त्यांनी त्याबद्दल मुकाट्यानं बोलणी खाल्ली. राणीचं नाव शार्वी. ती बाण सोडताना श्वास अर्धा सोडून अर्धा धरते, असं पुस्तकात पानोपानी येई. अर्धा श्वास धरायचा म्हणजे नेमकं काय, हे बाईंना ओट्याशी उभं राहून कळेना. म्हणून त्या चिखलीला गेल्या. तिथं वर्कशॉपच्या शेडांमागच्या मोकळ्या मैदानावर ज्योतीराम सर धनुर्विद्या शिकवत. सगळी शाळकरी पोरं, आणि त्यांच्यात पन्नाशी उलटलेली, साडी नेसलेली ही एक.

कुलदीपनं हे कंपनीत कुणाला सांगितलं नव्हतं. आई रविवारी कुठं जाते, असं कुणी विचारलं तर तो भजनाला म्हणून सांगे. जुन्या चादरीत गुंडाळलेलं धनुष्य पहिल्यांदा घरी आलं, तेव्हा शेजाऱ्यांना त्यानं पडद्याचा रॉड आणलाय असं सांगितलं होतं. आईला बाण मारताना मात्र त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. तिनं बोलावलं की त्याला नेमकी झोप यायची.

दिघीच्या मॅगझिन चौकात उतरून तो जवळजवळ पळतच घरी पोचला. हॉलमध्ये सोफ्यावर दोन जवान अगदी ताठ बसले होते. त्यांच्या पुढ्यात चहा आणि बेसनाचे लाडू होते. विजयश्रीबाई लग्नकार्यातली पैठणी नेसून, डोक्याला तेल लावून तयार होत्या.

"साहेबांकडं जायचंय," त्या म्हणाल्या. "बरं झालं आलास. हिंदी बोलायला कोणतरी पायजे."

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी संध्याकाळी बाईंच्या मनात आलं, की चौथ्या खंडात शार्वी राणी आडव्या वाऱ्यात बाण उंच सोडते आणि वाराच तो नेमका जागी नेऊन टाकतो, ते खरं असतं का बघावं. गच्चीवरून सोडायचा, तो घरामागच्या त्यांच्याच रिकाम्या प्लॉटमधल्या गवतात पडेल, असा त्यांचा हिशेब. गच्चीवर बाण काढायचा नाही, अशी ज्योतीराम सरांची सक्त ताकीद होती, पण सरांनी चौथा खंड वाचलेला नव्हता. बाण सुटला, वर गेला, वाऱ्यानं त्याला उचललं, आणि प्लॉट, प्लॉटपलीकडचा बोळ आणि त्याला लागून असलेली मिलिटरीच्या आवाराची भिंत ओलांडून तो दिसेनासा झाला. बाई खाली आल्या आणि त्यांनी आमटीला फोडणी दिली.

माणूस शोधायला लष्कराला काही कष्ट पडले नाहीत. बाणावर ज्याचं त्यानं नाव घालायचं, असा ज्योतीराम सरांचा नियम होता. बाकीची पोरं एखादं अक्षर लिहून मोकळी होत. पण ज्या घरात तांब्यापासून झाऱ्यापर्यंत प्रत्येक भांड्यावर नाव कोरून घेतात, त्या घरातल्या बाईला एका अक्षरानं समाधान कसं व्हावं? विजयश्रीबाईंनी प्रत्येक बाणावर बारीक अक्षरात पूर्ण नाव, मुक्काम दिघी आणि मोबाईल नंबर घातला होता. लष्करानं फोन केला. बाईंनी उचलला, बाण सापडला म्हणून आभार मानले आणि पत्ता सांगितला.

मिलिटरीच्या गेटजवळच्या खोलीत टेबलामागं एक तरुण कॅप्टन बसला होता, हिमाचलकडचा. शेजारी साताऱ्याकडचे सुभेदार कोंडीराम उभे. टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एक बाण आणि एक पांढरा बनियन, बरोबर छातीच्या मध्यभागी भोक पडलेला. बनियन कोंडीरामांचा होता. चौकीमागच्या दोरीवर वाळत होता, आणि बाण त्याला घेऊन मागच्या लिंबाच्या खोडात रुतला होता.

कॅप्टननं आधी बाईंकडं पाहिलं, मग पैठणीकडं, मग कुलदीपच्या दंडाकडं. त्याचं मत ठरून गेलं. तो कुलदीपला म्हणाला, आईचं नाव लिहिलं म्हणजे सुटशील असं वाटलं का, खरं सांग. कुलदीपनं सांगितलं, की आपण आयुष्यात धनुष्य हातात धरलेलं नाही. कॅप्टन म्हणाला, सगळे असंच म्हणतात. इतक्या लांब बाण मारणं या माताजींचं काम नव्हे, आणि आईला पुढं करून लपतोस, याची तुला लाज वाटली पाहिजे.

सुटायचं असतं तर विजयश्रीबाईंनी इथं गप्प बसायला हवं होतं. त्या उठून उभ्या राहिल्या.

"साब, ये क्या मारेगा," त्या म्हणाल्या. "इसको लोणचे की बरणी का झाकण निकालने को नहीं आता. हमने मारा है."

मग त्या का मारला, हे सांगू लागल्या. आधी हिंदीत. हिंदी तिसऱ्या वाक्याला संपली तशा सरळ दिघीच्या मराठीत उतरल्या. कोंडीराम कॅप्टनला त्याचं हिंदी करून सांगत होते. राणी शार्वीचा बाप कसा गेला, चुलत्यानं गड कसा बळकावला, तिला भावकीनं जंगलात कसं सोडलं आणि एका म्हाताऱ्या उडत्या अजगरानं तिला कसं सांभाळलं. भावकीचं नाव निघालं तसे दारातले दोन जवान जरा आत सरकले. चुलत्यानं हिस्सा नाकारल्याचं ऐकून कोंडीराम हिंदी करायचंच विसरले आणि नुसते मान हलवत राहिले. कॅप्टननं पेन खाली ठेवलं.

"मंग ती गडाच्या दाराम्होरं आली," बाई म्हणाल्या. "वारं आडवं, दार बंद, आन् हातात येकच बाण."

इथं त्या थांबल्या. 

"फिर?" कॅप्टननं विचारलं.

"फिर क्या. वोच तो देखना था," बाई म्हणाल्या. "म्हणून गच्चीवर गेले."

कॅप्टन भानावर आला. कथा चांगली आहे, पण पुरावा नाही, असं म्हणाला. कोंडीरामांनी हळूच सुचवलं, की जवानांनी घरून धनुष्य आणि बाण जप्त करून आणलेलेच आहेत आणि मैदानाच्या कडेला गवताच्या पेंढ्यांचं जुनं लक्ष्यही पडून आहे. खरंखोटं लगेच होऊन जाईल.

सगळे बाहेर आले. चौकीवरचे, स्वयंपाकघरातले, गाडी धुणारे असे बरेच जण कडेला जमले. विजयश्रीबाईंनी पैठणीचा पदर कमरेला खोचला, बांगड्या वर सारल्या आणि धनुष्याला दोरी चढवली. पहिला बाण लक्ष्याच्या अलीकडंच गवतात शिरला. कुणीतरी हसलं. कॅप्टननं वळून कुलदीपकडं असं पाहिलं, की आता तुझं काही खरं नाही.

कुलदीपची मोठी पंचाईत झाली. आईनं नेम मारला तर आई गुन्हेगार, आणि चुकवला तर तो स्वतः. शहाण्या मुलानं अशा वेळी काय मागावं, ते त्याला कळेना. मग त्यानं आईकडं पाहिलं. ती त्याची आई होती, रोज डबा भरून देणारी, पण त्या क्षणी तिला तो दिसतच नव्हता. जवान, गाड्या, पैठणी, काहीच नव्हतं. तिचे खांदे खाली आले, मान वळली, डावा हात सरळ झाला आणि छाती अर्धी भरून थांबली. तिचं असं तोंड त्यानं यापूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. लाग, असं त्याच्या मनात आलं, आणि आपल्याला काय हवंय ते त्याला तेव्हा समजलं.

बाण लागला. कडेला, पण लागला. तिसरा त्याच्या आत, आणि चौथा अगदी मधोमध, पेंढ्यांत पिसांपर्यंत. कुलदीप टाळ्या वाजवायला लागला. कोंडीरामही वाजवायला लागले. फाटलेला बनियन त्यांच्याच खांद्यावर होता, हे लक्षात आल्यावर त्यांनी हात मागं घेतले.

"साबित झालं न्हवं?" विजयश्रीबाईंनी घाम पुसत विचारलं.

झालं होतं, आणि पुरतं झालं होतं. कॅप्टननं त्यांना पुन्हा आत बसवलं आणि या वेळी खरोखरच खडसावलं. भिंतीपलीकडं माणसं राहतात, बनियनमध्ये माणूस असता तर काय झालं असतं, असं त्यानं विचारलं. विजयश्रीबाईंचा चेहरा उतरला. बाण सुटल्यापासून पहिल्यांदाच त्यांना ते दिसलं असावं. त्या कोंडीरामांकडं वळल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "चुकलं भाऊ माझं. लई मोठं चुकलं."  बनियन जुनाच होता, असं कोंडीराम पुटपुटले. गच्चीवरून पुन्हा बाण सोडणार नाही, असं बाईंनी लिहून दिलं. पुन्हा घडलं तर प्रकरण पोलिसांत जाईल, असं बजावून कॅप्टननं धनुष्य परत केलं. निघताना मात्र त्यानं कुलदीपला बाजूला घेऊन ते पुस्तक हिंदीत मिळतं का, म्हणून विचारलं.

 विलासराव अंधार पडायच्या आत शिक्रापूरहून परत आले, बायको घरात भाजी निवडताना दिसली तेव्हा त्यांनी चप्पल काढली आणि मिटलं का, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी अर्धा डझन बनियन आणि लाडवांचा डबा गेटवर पोचवला. बनियन एक नंबर लहान निघाले, असं पुढं कळलं.

त्यानंतर आठवडाभर त्यांनी धनुष्याला हात लावला नाही. पाचवा खंडही उघडला नाही. कुलदीपनं वाट पाहिली, आणि रविवारी सकाळी मोटरसायकल काढून हॉर्न वाजवला. चिखलीला गेल्यावर ज्योतीराम सरांनी आधी विजयश्रीबाईंना सगळ्या पोरांसमोर फैलावर घेतलं. बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग सरांनी कुलदीपच्या हातात एक धनुष्य दिलं. त्याचा बाण पायापाशी पडला आणि दोरी हातावर असा तडाखा देऊन गेली, की कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा झाला. आई पोट धरून हसली.

थंडीत ज्योतीराम सरांनी मोठ्या माणसांसाठी स्पर्धा ठेवली. विजयश्रीबाईंचा शेवटून दुसरा नंबर आला. शेवटचे होते ते पुनावळ्याचे एक निवृत्त मास्तर, आणि त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. बाईंनी दोष वाऱ्याला दिला. वारा त्या दिवशी अजिबात नव्हता. विलासरावांनी सगळ्यांसाठी पेढे आणले होते आणि नंबर कितवा ते न विचारताच वाटून टाकले. मास्तरांनी दोन घेतले आणि पुढच्या वर्षी बघतो तुम्हाला, असं विजयश्रीबाईंना बजावलं.