पडद्यावरची येसर आमटी

"मामा, माईकवाली पोरगी जवळ आली की हात वर करा," रुद्राणी सासऱ्यांच्या कानाशी कुजबुजली.

"तूच इचार ना."

"प्रश्न तुमचा हाय. मी कावून इचारू?"

सिद्धारामअप्पांनी हात मांडीखालीच ठेवला. सभागृहात हजारभर माणसं, आणि प्रत्येकाच्या गळ्यात नावाचं कार्ड. त्यांच्याही गळ्यात होतं. ते पुन्हा पुन्हा हातात घेऊन नाव आपलंच आहे ना, हे ते बघत होते. हैदराबादच्या या चित्रनगरीत येताना वाटेत राजवाडा लागला, रेल्वे स्टेशन लागलं, देऊळही लागलं. देवळासमोर अप्पांनी चप्पल काढली. खांबावर हळूच टकटक केली तर आत पोकळ. तरीही लगेच चप्पल घालवेना. रुद्राणी पोट धरून हसली होती.

केजहून निघताना चहाच्या टपरीवर मुंजाजीनं हटकलं होतं, "काय बे सिद्धाराम, म्हातारपणी शिनेमात चालला का?"

"सुनंसोबत, तिच्या धंद्याच्या परिषदेला."

"मंग तिथं तरी तोंड उघड."

लोकांनी फोनवर काही शोधलं की आपल्या गिऱ्हाइकाचं दुकान वर दिसावं, हे रुद्राणीचं घरबसल्या काम. त्या दुकानांच्या माहितीची इंटरनेटवरची पानं अप्पा लिहीत. वाचनालयातली नोकरी संपली, पाठोपाठ बायको बसम्मा गेली, तेव्हा या लिहिण्यानंच त्यांना सकाळी उठवलं. पण यंदा दोन गिऱ्हाइकं म्हणाली, "लिहायला मानूस कशाला? मशीन लिहितंय की." तेव्हापासून अप्पांच्या मनात एकच प्रश्न होता. आपलं लिहिणं संपलं का? तो विचारायलाच ते इतक्या लांब आले होते, आणि आता धीर होत नव्हता.

मंचावरची तरुणी हिंदीत म्हणाली, "आता मशीनला तुमच्या भाषेत विचारा. कोणी मराठी आहे का?"

रुद्राणी ताडकन उभी राहिली. "येसर आमटी कशी करायची?"

भिंतीएवढ्या पडद्यावर उत्तर उमटू लागलं. भाजलेल्या धान्याचं पीठ, मसाला, उकळी. आणि शेवटी, 'पहिल्या दिवशी पाहुण्यांना वाढा. उरलेली आपल्यासाठी झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशीचीच खरी.'

खाली हिंदी अर्थ आला आणि सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. "देखा? मशीन मज़ाक भी करती है," तरुणी म्हणाली.

अप्पांच्या अंगावर सर्रकन काटा आला. रुद्राणीच्या जुन्या गिऱ्हाईक भिवराबाई, त्यांच्या मसाल्यासाठी अप्पांनी लिहिलेलं पान होतं ते. आणि शेवटचं वाक्य तर त्यांचंही नव्हतं. पातेल्यावर झाकण ठेवताना बसम्मा ते म्हणायची.

"मामा, आपलं पान. उटा."

"आपल्याला कोन वळखतंय इथं?"

"म्हनून तर उटा."

अप्पा उठले. माईक हातात आला.

"वो मशीन का नहीं है." आपलाच आवाज छतावरून परत आल्यावर ते दचकले. "बसम्मा का है."

"बसम्मा? कौन सा ब्रांड है, अंकल?"

"ब्रांड नहीं. घरवाली. अब नहीं है."

हसू फुटता फुटता थांबलं. पुढच्या रांगांतली डोकी मागं वळली. तरुणी मंचाच्या कडेपर्यंत आली. "माफ़ करना अंकल. मशीन के पास अपना कुछ नहीं होता, किसी घर से ही आता है. बसम्माजी का और कुछ है?"

"हाय की," अप्पा मराठीतच बोलून गेले. "लई हाय."

या वेळी टाळ्या त्यांच्याकडे तोंड करून वाजल्या. ते धपकन बसले. चेहरा गरम झाला होता, हसू आवरत नव्हतं.

"मामा, प्रश्न ऱ्हायला की तुमचा."

"ऱ्हाऊ दे. भिवराबाईच्या लोनच्याचं पान कधी द्यायचंय?"

"सोमवारी."

"आजच लिहितो. पयलं वाक्य बसम्माचंच घालतो."

त्यांनी डोळे मिटले. बरणीच्या तोंडाला फडकं बांधताना बसम्मा काहीतरी म्हणायची. दर उन्हाळ्यात म्हणायची, आणि अप्पा पुस्तकातून मान वर न काढता 'हं' म्हणायचे. तिचे हात दिसले. फडक्याची गाठ दिसली. ओठ हलताना दिसले.

आवाज मात्र येईना. अप्पा कान देऊन बसून राहिले.