डाळिंबाच्या शेडातला कॅमेरा

शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून करुणाने कॅमेऱ्याच्या मोटारीखालचा बोल्ट आवळला आणि ओरडून सांगितलं, "आता डावीकडे फिरवा!"

केबिनमध्ये मॅनेजर महिपतराव कंट्रोलरची दांडी धरून टीव्हीसमोर बसले होते. त्यांनी दांडी उजवीकडे ढकलली. खांबावरचा कॅमेरा घरघरत उलटा फिरला आणि करुणाच्या कानशिलाला घासून गेला.

"डावीकडे म्हटलं मी."

याला जेवायचा हात तरी ठाऊक आहे का, असं तिच्या मनात आलं.

सत्त्याण्णव सालचा मार्च होता. इंदापूरजवळ हायवेला लागून असलेल्या त्या शेडात डाळिंबं निवडून खोक्यांत भरत. सकाळी करुणा जीपमधून उतरली तेव्हा महिपतरावांनी तिच्या मागे वाकून पाहिलं होतं.

"इंजिनिअर साहेब कुठंयत?"

"मीच आहे."

त्यानंतर ते जे काही बोलले ते ड्रायव्हरकडे बघून.

कॅमेरा कुठून कुठपर्यंत फिरायचा, हे मोटारीखालचे दोन खटके ठरवत. ते सरकवून पक्के करायचे एवढंच आता उरलं होतं. महिपतराव शिडीखाली आले.

"एक खटका पाण्याच्या माठापाशी, दुसरा संडासच्या वाटंवर. कोण किती येळा जाती, समदं दिसलं पायजे. वरकुट्याच्या बाया हायेत या, लई कामचुकार. तुमी कुठल्या?"

"पुण्याची."

ती सात वर्षांची होईपर्यंत वरकुट्यातच वाढली होती. ते तिने सांगितलं नाही. असल्या माणसाला कशाला सांगायचं, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि खटके त्यांनी सांगितले तिथेच आवळले. खाली वीस बाया मान वर न करता डाळिंबं निवडत होत्या. त्यांत तिची सख्खी चुलती होती, भागुबाई. सकाळीच दोघींची नजरानजर झाली होती आणि दोघींनीही ती वळवली होती.

दुपारच्या सुट्टीत भागुबाई नळावर हात धूत असताना करुणा जवळ गेली.

"काकी, ओळखलं नाहीस?"

"वळखलं की." भागुबाईने हात सावकाश पदराला पुसले. "बाया इचारत हुत्या, ही कुणाची म्हणून. म्या न्हाय सांगितलं."

"का?"

"काय सांगू? माझी पुतणी हाय, लई शिकलीया, आन् आमी मुतायला किती येळा जातो ते बघायचं यंतर बसवाया आलीया?"

तिने करुणाच्या चकचकीत बुटांकडे पाहिलं, मग गळ्यातल्या ओळखपत्राकडे. नळ तसाच सोडून ती डाळिंबं निवडायच्या टेबलाकडे निघून गेली. करुणा चालू नळाकडे बघत उभी राहिली. मग तिने तो बंद केला.

सुट्टी संपल्यावर तिने मोटार आपोआप फिरण्यावर टाकली. टीव्हीवर शेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकू लागलं. खटका लागला की कॅमेरा क्षणभर थांबे आणि माघारी वळे. महिपतराव खुशीत येऊन पहिल्यांदाच थेट तिच्याशी बोलले.

"बेष्ट काम केलं बाई तुमी. आता बघतो कशा हलत्यात." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "ही बघा. बाकीच्या माना खाली घालून बसल्यात आन् ही म्हातारी डोळं वटारून वर बघती. सोताला समजती कोण, काय म्हाईत!"

करुणाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"माझी चुलती हाय ती," ती म्हणाली. "वरकुट्याची. मी बी तितलीच."

महिपतरावांनी वळून पाहिलं. बोट पडद्यावर तसंच राहिलं होतं. कॅमेरा पुढे सरकला होता आणि बोटाखाली आता दुसरीच बाई होती.