मला उतार येत नाही

मी एक जुनी ट्रेडमिल आहे, मित्रांनो. आजवर हजारो किलोमीटर धावले, पण जालन्यातल्या या एका खोलीबाहेर कधी गेले नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच आहे.

मला मूलचंदजींनी आणलं. लोखंडी सळयांचे ते मोठे व्यापारी. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मोठ्या हौसेने घेतलं, आठ दिवस चालले, आणि नवव्या दिवशी माझ्यावर चादर पडली. चार वर्षांनी ती त्यांच्या सुनेने, रुचिने, काढली. माझा पट्टा पुसला, तेल घातलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

रुचिला मॅरेथॉन पळायची होती. पूर्ण, बेचाळीस किलोमीटरची. मूलचंदजी नको म्हणाले नाहीत. पण सळयांच्या गाड्या भरून रोज तेच रस्त्यावर सोडत, त्यामुळे रस्त्याची धास्ती त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती. सराव घरातच करायचा आणि एक शर्यत पुरी करून दाखवायची. जमलं तर पुढचं बोलू, नाहीतर हा नाद कायमचा बंद, असं ठरलं. रुचि कबूल झाली.

मग घराने तिचे काय लाड केले! एसी लावला. सासूबाई, इचरजबाई, स्टुलावर बसून हातात लिंबूपाणी द्यायच्या, मान पुसायच्या. ऊन नाही, वारा नाही, खड्डा नाही. पट्टा आपोआप मागे सरकायचा, तिने फक्त पाय उचलायचे. पडद्यावर आकडे मात्र वाढत जात.

शेजारच्या नीलाताई बँकेत होत्या, दोन मॅरेथॉन पळालेल्या. एकदा त्या आल्या, माझी बटणं निरखली आणि म्हणाल्या, “रुचि, मशीन वाईट न्हाई. दम वाढतो, पावसाळ्यात खाडा पडत न्हाई. पण हिला चढ आहे, उतार न्हाई. उतारावर सगळा मार मांड्यांना बसतो. आठवड्यातून एकदा तरी माझ्यासंग रस्त्यावर चल.”

रुचिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते हसून म्हणाले, किलोमीटर इथला काय अन् तिथला काय, सारखाच.

एका रविवारी तिने माझ्यावर बेचाळीस किलोमीटर पुरे केले. पेढे वाटले, मला कुंकवाचं बोट लागलं. एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती.

शर्यत डोंगराकडच्या रस्त्यावर होती. रुचिचा नवरा मयंक वाटेत ठिकठिकाणी थांबून फोनवर दाखवत होता. घरच्यांनी फोन माझ्यावरच टेकवला, म्हणून मीही पाहिलं. तिसाव्या किलोमीटरपर्यंत ती सुरेख पळाली. मग उतार लागला. ऊन वर आलं होतं. दोनशे पावलांत तिची चाल मोडली, मांड्या थरथरू लागल्या, उजवा गुडघा आत वळला आणि ती डांबरावर बसली. इचरजबाईंनी सवयीने ग्लास उचलला होता. तो कुणाला द्यायचा हे त्यांना कळेना.

घरी आल्यावर रुचि म्हणाली, “बाबूजी, माझे पाय कमी पडले न्हाईत. त्यांना रस्ता माहीतच नव्हता. मी एवढंच म्हणते, दार उघडा.”

मूलचंदजी मायेनेच बोलले, “घरात बराबर पळत होतीस की, बेटा. बाहेर गेलीस अन् पडलीस. आता शर्यत न्हाई. पळायचं तर घरातच पळ.”

डॉक्टरांनी तीन महिने विश्रांती सांगितली आहे. पण पळायला दुसरी जागा उरली नाही, म्हणून दुपारी सगळे झोपले की रुचि लंगडत येते आणि मला सुरू करते. रोज वेग थोडा वाढवते. परवा तिच्या गुडघ्यातून कट्कन आवाज आला. तो फक्त मीच ऐकला. मला आपणहून थांबता येत नाही.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, माझ्यावर घाम गाळा. मी उपयोगाची आहे. पण माझ्या आकड्यांवर विसंबून कुणाचा रस्ता बंद करू नका. आणि तुमच्यापैकी कुणी आमच्या घराजवळ राहत असेल, तर लगेच या आणि बेल जोरात वाजवा. आज तिने बेचाळीसचा आकडा लावला आहे, आणि नववा किलोमीटर आत्ताच सुरू झाला आहे.